मातीचे हमीपत्र

दहाबारा बालकांचा छोटा गट असावा, डोक्यावर छपराऐवजी आंब्याची सावली असावी आणि पाने, खडे, मुंग्या यांच्याच सहवासात विद्यार्जन व्हावे, अशी जी शिक्षणपद्धती सांप्रत आमच्या शहरांच्या सुखवस्तू वस्त्यांत अवतीर्ण झाली आहे, तिचे माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर असते आणि वार्षिक शुल्क शेवटच्या पानावर, बारीक टायपात. प्रवेशापूर्वी पालकांकडून रीतसर हमीपत्र घेतले जाते: पाल्याच्या कपड्यांस चिखल लागल्यास, गुडघा खरचटल्यास अथवा मुंगी चावल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही. मुंगीची सही मात्र घेत नाहीत. दस्तऐवजात एवढी एक उणीव राहून गेली आहे.

हे सारे नवीन आहे, असे माहितीपत्रक म्हणते. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या शिक्षणतज्ज्ञांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीस बालशिक्षणाचे काम मांडले व १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा आदिवासी मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे ध्यानी येताच त्यांनी मुलांवर समन्स न बजावता शाळाच कुरणात धाडली. गुरे चरत राहिली, मुले शिकत राहिली. या शाळेला कुरणशाळा म्हणत. शुल्क नव्हते, हमीपत्र नव्हते, आणि चिखलाचे तर कोणास अप्रूपच नव्हते.

ज्यांना आपल्या पाल्यास पैसे भरून मातीत बसवावयाचे असेल त्यांनी खुशाल बसवावे. मात्र पहिला हप्ता भरण्यापूर्वी एकदा कोसबाडला जाऊन यावे. मुंबईहून डहाणूपर्यंत लोकल जाते, आणि तिकीट स्वस्त आहे.