श्रीयुत 27.97 यांस अनावृत पत्र

श्रीयुत 27.97 किलोमीटर प्रतिलिटर यांस,

सा. न. वि. वि.

आपली आमची प्रत्यक्ष भेट नाही. तशी ती कुणाचीच नसावी. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या सख्ख्या बहिणींच्या हायब्रिड अवताराच्या माहितीपत्रकावर आपण ठळक टायपात विराजमान असता, तेही दशांशचिन्हासह. त्या दशांशाचे आम्हाला फार कौतुक वाटते. नुसते ‘अठ्ठावीस’ म्हटले असते तर गिऱ्हाईक म्हणाले असते, सोडा हो, विकणारे सांगणारच. ‘सत्तावीस पूर्णांक सत्त्याण्णव’ म्हटले की वाटते, कुणीतरी बसून थेंब मोजलेत.

मोजलेत, हे खरेच आहे. गाडी रोलरवर चढवायची, ठरलेल्या वेगाने वीसेक मिनिटे चालवायची, ताशी 90 च्या वर जायचे नाही आणि एसी बंद. त्या खोलीत रिक्षा आडवी येत नाही, खड्डा येत नाही, मागच्या सीटवरून ‘जरा एसी वाढवा’ येत नाही. कोणत्याही गाडीचे असे मायलेज असले तरी लोक त्याला सरसकट ‘एआरएआय’चे म्हणतात, आणि गाड्यांच्या चाचण्या घेणारी ती संस्था आमच्या पुण्यात, कोथरूडला लागून असलेल्या वेताळ टेकडीवर आहे. टेकडीच्या हवेत आकड्यांना बाळसे चढते, खाली नळ स्टॉपच्या सिग्नलला आले की उतरते. आपण उतरून वीस-बावीसवर येता. राग मानू नका, कर्वे रस्त्यावर वीस-बावीस म्हणजे चेष्टा नव्हे. तिथे साधी पेट्रोल ऑटोमॅटिक बारावर धापा टाकते.

तक्रार आपल्याबद्दल नाही. तक्रार आमच्या मेहुण्यांबद्दल आहे, आणि आपल्या नादाने ते बिघडले म्हणून हा पत्रप्रपंच.

मेहुणे बँकेतून निवृत्त झाले. पाव टक्का व्याज जास्त मिळते म्हणून एफडी मोडून रस्त्यापलीकडच्या बँकेत ठेवणारा हा माणूस. शोरूममध्ये त्यांना टेस्ट ड्राइव्हला बसवले आणि समोरच्या स्क्रीनवर ते बाण दिसले. इंजिनाकडून चाकाकडे एक बाण, ब्रेक दाबला की चाकाकडून बॅटरीकडे उलटा बाण. उलट्या बाणाने मेहुणे विरघळले. ‘म्हणजे ब्रेक मारला की पैसे परत!’ असे ते सेल्समनला म्हणाले, आणि त्या सद्गृहस्थाने त्यांना दुरुस्त केले नाही.

त्या बॅटरीत किती मावते, हे त्यांनी विचारले नाही. 0.76 किलोवॅट-तास. म्हणजे विजेचे पाऊण युनिट. आपल्या न्हाणीघरातला दोन किलोवॅटचा गीझर तेवढ्यावर अर्धा तासही चालायचा नाही. चूक काही नाही त्यात. वीज साठवून ठेवणे हे तिचे कामच नव्हे. सिग्नलला घ्यायची, पुढच्या सिग्नलपर्यंत खर्चायची, एवढाच तिचा व्यवहार. म्हणून ती गर्दीत चमकते आणि द्रुतगती मार्गावर निरुपयोगी नसली तरी गप्प बसते, कारण ताशी शंभरला ब्रेक कोण मारतो? बोरघाट उतरायला लागलात की बॅटरी वाटेतच काठोकाठ भरते, आणि उरलेल्या उताराची कमाई घाटालाच अर्पण होते.

आता हिशोब. मेहुण्यांनी केला नाही म्हणून आम्ही केला, त्यांच्याच भाच्याच्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर. सारख्या सोयींची पेट्रोल ऑटोमॅटिक आणि हायब्रिड यांत शोरूमच्या किमतीत दीड लाखाचा फरक धरला. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला बारा टक्के रोड टॅक्स, आणि हायब्रिडला इथे वेगळी माया नाही. म्हणजे त्या फरकावर आणखी अठरा हजार. एकूण 1,68,000. मेहुणे महिन्याला पाचशे किलोमीटर फिरतात, कारण डेक्कनला जायचे तर ते वनाझहून मेट्रो पकडतात (पार्किंगचे पैसे वाचतात). वर्षाचे 6,000. बाराच्या मायलेजला 500 लिटर, विसाच्या मायलेजला 300. वाचले 200 लिटर, लिटरला 104 रुपये धरले तर 20,800. पण ते 1,68,000 सात टक्क्यांच्या एफडीत ठेवले असते तर वर्षाला सुमारे 11,800 व्याज घरबसल्या आले असते. उरले नऊ हजार. फरक वसूल व्हायला अठरा वर्षांहून अधिक. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची.

पत्रिका त्यांच्यापुढे ठेवली. चष्मा पुसून त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, ‘पेट्रोल दीडशे होईल की.’ आयुष्यभर कर्जदारांचे अर्ज फेटाळणाऱ्या माणसाने एवढ्या आशेवर जगावे!

हाच हिशोब शहरातच महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचा मांडला तर साडेपाच-सहा वर्षांत पैसे फिटतात, ठीक आहे. आणि दिवसाला शंभर किलोमीटर शहरातच काढणारा असेल तर वर्षाला सव्वा लाखाचे पेट्रोल वाचते, दीड वर्षात विषय संपला. म्हणजे आपण, श्रीयुत 27.97, ज्याच्या खऱ्या उपयोगाचे आहात तो टॅक्सीवाला. तो मात्र कधीच सीएनजी भरून पुढे गेला. त्याला दशांशचिन्हाचे कौतुक नाही.

सरकारचे आपल्याबद्दलचे मत आम्हाला अजून कळलेले नाही. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी बदलला तेव्हा चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडला चाळीस टक्के, आणि विजेच्या गाडीला पूर्वीसारखेच पाच. नितीन गडकरींनी हायब्रिडचा कर पाच टक्क्यांवर आणा असा प्रस्ताव मांडून झाला. उत्तर प्रदेशाने जुलै 2024 मध्ये हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. इथे अटल सेतूवर ईव्हीवाला टोल न देता निघून जातो, आणि आपण निम्मे विजेवर चालणारे असूनही फास्टॅगमधून पूर्ण पैसे मोजता. आपण पर्यावरणवादी की चैनीची वस्तू, हे दिल्ली एक ठरवते, लखनौ दुसरे. यात मेहुण्यांसारख्याने गणित तरी कुठल्या आधारावर मांडायचे?

बरे, त्यांना गाडी का हवी हे आम्हाला ठाऊक आहे. सोसायटीच्या कमिटीने चार्जिंग पॉइंटला परवानगी नाकारली, त्यामुळे ईव्ही बाद. हायब्रिड सिग्नलला आवाज न करता उभी राहते, गिअर बदलावा लागत नाही, डाव्या गुडघ्याला आराम. आणि व्याही इनोव्हा हायक्रॉस घेऊन बसलेत. यातले एकेक कारण चोख आहे. एक लाख अडुसष्ट हजार त्यासाठी घालवायला काहीच हरकत नाही, पैसे त्यांचे आहेत. डिकी 373 लिटरची 265 वर आली तरी चालेल, म्हणाले, आता एवढ्या बॅगा कोण नेतो. फक्त हे सगळे वहिनींना सांगायची हिंमत नाही, म्हणून ते आपल्याला पुढे करतात. घरात, जेवताना, फोनवर एकच पालुपद: ‘अगं, सत्तावीस पूर्णांक सत्त्याण्णव!’

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या छपाईच्या वेळी आपण आपल्याखाली बारीक टायपात ‘एसी बंद’ असे लिहून घ्यावे, आणि शेजारी एक रिकामा चौकोन सोडावा: ‘आपण महिन्याला किती किलोमीटर फिरता?’ गिऱ्हाइकाने तो पेनाने भरल्याशिवाय बुकिंगची पावती फाडू नये. मेहुण्यांच्या बाबतीत उशीर झालाय. पांढरा रंग ठरला, टोकनही दिले. पण त्यांचा धाकटा भाऊ पुढच्या महिन्यात शोरूमला जाणार आहे, आणि तो रोज शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला स्वतः गाडी चालवत जातो. त्याला भेटलात तर जरा मोकळेपणाने बोला, तिथे आपल्याला लाजण्याचे कारण नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पेट्रोलवाला