बंदी आहे, किती देऊ?

आमच्या सोसायटीतल्या अण्णांनी मागच्या महिन्यात घरातला मायक्रोवेव्ह माळ्यावर टाकला. कारण कॅन्सर. त्याआधी नॉनस्टिक तवा गेला, त्याच्याही आधी ॲल्युमिनियमची पातेली मोडीत निघाली. समोरच्या गच्चीवरच्या मोबाइल टॉवरविरुद्ध तर अण्णांनी सह्यांची मोहीम काढली. माझी सही घ्यायला आले तेव्हा हनुवटी वर करून आढ्याशी बोलत होते. बार भरलेला माणूस असाच बोलतो. मान खाली घातली तर समोरच्याच्या शर्टाचं काही खरं नसतं. "क्यान्शर या लहरींनीच होतो," अण्णा पंख्याला म्हणाले. मी सही करून टाकली.

रोज सकाळी अण्णांचे सहा-सात संदेश येतात. कोमट पाण्यात लिंबू, दुधात हळद, गव्हांकुराचा रस, आणि शेवटी 'पुढे पाठवा, एक जीव वाचेल'. हे सगळं ते कोपऱ्यावरच्या टपरीपाशी उभे राहून पाठवतात, कारण मावा मळून होईपर्यंत हाताला दुसरं काम नसतं. सुपारीची कात्रण, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून टपरीवाला तो जीव तोडून रगडतो. विदर्भात याच्याच भावाला खर्रा म्हणतात. अण्णा तिथे चहाही घेतात, पण कागदी कपात नाही. कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, गरम चहात तो उतरतो, असं त्यांनी वाचलंय. म्हणून पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला असतो. डाव्या हातात पेला, उजव्या हातात प्लास्टिकमधला मावा.

आता कुणी म्हणेल, या सगळ्यावर बंदी आहे ना? आहे तर! महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाल्यावर 2012 पासून बंदी आहे. अन्नसुरक्षेच्या कायद्याने ती एका वेळी एकाच वर्षासाठी घालता येते, म्हणून सरकार गाडीच्या विम्यासारखी दरवर्षी तिचं नूतनीकरण करतं. टपरीवाला कायद्याला मानणारा आहे. नवीन माणूस आला की आधी सांगतो, "बंदी आहे, साहेब." मग इकडेतिकडे बघून विचारतो, "किती देऊ?"

गुटखा कंपन्यांचं डोकं मात्र वाखाणण्यासारखं. अनेक राज्यांत बंदी नुसत्या मिश्रणावर आली, तर त्यांनी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घातली. दोन्ही पुड्या शेजारी टांगायच्या, मिसळायचं काम गिऱ्हाइकाने करायचं. कारखानाच गिऱ्हाइकाच्या गालात नेऊन ठेवणारा दुसरा उद्योग मला माहीत नाही. वर जाहिरातीत कोट्यधीश नट विमानातून उतरून त्याच ब्रँडची वेलची खाताना दिसतात. आमच्या डब्यातले वेलदोडे संकष्टीच्या खिरीखेरीज कुणी विचारत नाही. त्यांच्यासाठी विमानातून कोण उतरणार?

तंबाखूच्या वेष्टनावर 85 टक्के जागेत इशारा आणि चित्र छापायचा नियम 2016 च्या 1 एप्रिलला लागू झाला. तारीख कुणी निवडली कोण जाणे. टपरीवर एका गृहस्थांनी पुडी परत देत "हे चित्र नको, दुसरं द्या" म्हटलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

अण्णांच्या घरी वहिनींचं प्रकरण वेगळं. त्या तव्यावर तंबाखू भाजून तिची मशेरी करतात. घरभर ठसका उठतो, पण तंबाखूचं नाव काढलं की चिडतात. "मी नाही हो भाऊजी तंबाखू खात. मी दात घासते." दिवसातून पाच वेळा घासतात. इतकी मेहनत घेतलेले दात, चारच उरलेत. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांमागे जवळपास एक जण बिनधुराची तंबाखू वापरणारा निघाला, आणि ओढणारे शंभरात जेमतेम चार. धूर नाही त्या अर्थी आगही नाही, असं आपलं एकूण गणित असावं. काहींनी तंबाखू सोडून 'नुसती सुपारी' धरली आहे. सुपारी नुसतीही कर्करोग करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 साली छापलं. पण ते कुणी पुढे पाठवलं नाही.

माझं विचाराल तर मी तंबाखूला शिवत नाही, म्हणून एवढं ऐटीत लिहितोय. आमचा शनिवार निराळा असतो. याच संस्थेने दारूला 1988 सालीच तंबाखूच्या पंक्तीला बसवलंय. दोन्ही एकाच तोंडात गेली तर धोक्याची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. हे पान मी वाचलं तेव्हा शुक्रवार होता. राहता राहिलं पोट आणि बैठं काम. त्यावर मी बसून विचार करतोय.

अण्णांपाशी हुकमाचा एक्का आहे: आजोबा. नव्वदीपर्यंत तंबाखू मळली, खडखडीत होते. भिंतीवर त्यांचा फोटो आहे. शेजारी त्यांच्या धाकट्या भावाचाही आहे, काळ्या मिशांचा. ते कशाने गेले विचारलं तर अण्णा म्हणतात, "त्यांचं घशाचं काहीतरी निघालं होतं." एवढं बोलून पुन्हा आजोबांवर येतात.

2015 च्या फेब्रुवारीत माजी गृहमंत्री आर. आर. आबा पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले, तेव्हा अण्णा दोन दिवस टपरीकडे फिरकले नव्हते. तिसऱ्या दिवशी दिसले. "सोडायचीय," म्हणाले, "पण एकदम सोडली तर पोट साफ होत नाही." आणि तशीच वेळ आली तर परळला टाटा हॉस्पिटल आहेच, भाच्याच्या ओळखीचं कुणीतरी आहे तिथे. हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर निळ्या प्लास्टिकखाली राहणाऱ्या रुग्णांचीही गावाकडे कुठे ना कुठे ओळख असेलच.

गेल्या आठवड्यात अण्णांच्या संदेशांत चुकून एक खरा निघाला. तीन बोटं जोडून उभी धरा आणि दातांमधून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर डॉक्टरांना दाखवा. मी आरशासमोर करून पाहिलं, गेली. अण्णांनी तो वाचला नसावा, नुसता पाठवला असावा.

रविवारी सोसायटीतल्या एका लग्नात पाणीपुरीच्या स्टॉलवर अण्णा भेटले. त्यांनी पुरी ताटलीत फोडली, वर गोड पाणी घेतलं. तिखटाने हल्ली तोंडाची आग होते. मग चमच्याने एकेक तुकडा आत सरकवत राहिले. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"हे केटरर हल्ली पुऱ्या फार मोठ्या करायला लागलेत," अण्णा म्हणाले.

शेजारी त्यांची सात वर्षांची नात उभी होती. तिने अख्खी पुरी तोंडात टाकली आणि दुसरीसाठी हात पुढे केला.