पाच चेहरे आणि एक कळ

रुग्णसमाधानाचा फॉर्म हातात पडतो तेव्हा बिल खालच्या मजल्यावर शिजत असतं आणि विमावाल्यांची मंजुरी सकाळपासून ‘येतेच आहे’ असते. अशा वेळी माणसाने असमाधान कुठल्या तोंडाने सांगावं? तोंडं छापीलच मिळतात. रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच गोल चेहरे. स्वच्छता, जेवण, टीव्ही, पार्किंग. मी रिक्षाने आलो होतो, तरी पार्किंगला सगळ्यात हसरा चेहरा दिला. बिल व्हायचं होतं ना!

नाश्त्याच्या रकान्यापाशी अडखळलो. रोज उपमा असायचा. त्यावर मी एक कोटी केली होती. ब्रदरने सलाइनचा वेग तपासला.

तर माझा खरा सल असा, की या फॉर्मात लेखकाला वाव नाही. आम्ही मुंबईत दिंडोशीच्या नागरी निवारा वसाहतीतले. गणेशोत्सवात माझ्या एकांकिका होतात, म्हणजे होऊ देतात. चित्रनगरी हाकेच्या अंतरावर आहे, पण हाक अजून आलेली नाही. त्यामुळे पित्ताशयातल्या खड्याने मला कॅज्युअल्टीत आडवं केलं आणि ड्यूटीवरच्या डॉक्टर मॅडमनी “कसं दुखतंय?” असं विचारलं, तेव्हा तशा अवस्थेतही मी घसा साफ केला.

“डॉक्टर, बरगडीखाली जणू एखादा पदच्युत सम्राट—”

त्यांनी बरगडीखाली दाबलं. सम्राट किंचाळला. केसपेपरवर एकच शब्द उमटला.

माझ्या या उपमांच्या खोडीला जबाबदार राम गणेश गडकरी. त्यांच्या नाटकातलं पात्र एका उपमेवर भागवत नाही. एक आली की तिची भावंडं रांगेने येतात, कथानक विंगेत ताटकळतं आणि आपण म्हणतो, ताटकळू दे! ‘एकच प्याला’त दारुडा तळीराम अंथरुणाला खिळतो तेव्हा डॉक्टर आणि वैद्य दोघंही येतात आणि त्यांचं एकमेकांशीच जुंपतं. रुग्णाचं समाधान कशात आहे हे तिथे पिटातल्या प्रेक्षकालाही ठाऊक असतं. फॉर्म लागत नाही. आता हसतो खरे, पण हे लिहिणारा माणूस क्षयाने खंगत होता. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला ते गेले, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं ते त्यानंतर. शेकडो उपमा उधळणाऱ्या त्या माणसाने आपल्या खोकल्याबद्दल डॉक्टरला काय सांगितलं असेल? मला वाटतं, साधंच काहीतरी.

कारण कॅज्युअल्टीत पडद्यापलीकडे कुरारच्या एक आजी होत्या. मॅडमनी त्यांनाही तेच विचारलं. आजी म्हणाल्या, “छातीवर कुणी जातं ठेवल्यावानी वाटतंय, बाई.”

मॅडम धावल्या. ईसीजीचं यंत्र आलं, ऑक्सिजन आला, फोन गेले. माझ्या उपमेने नाटक थांबलं होतं, त्यांच्या उपमेने सुरू झालं. मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू!

मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेची प्रश्नावली छापली. दुखणं सांगायचे ७८ शब्द, २० गटांत. आपल्याकडे ठणका, सणक, चमक, ठुसठुस, मुरडा हे शब्द घरोघरी तोंडी असतात, आणि त्यातला कुठला निघाला यावर तपासणी ठरते. आत येताना माणसाच्या शब्दाला एवढी किंमत. मग बाहेर पडताना त्याच्या हातात मुके चेहरे का? केंद्र सरकारचा ‘मेरा अस्पताल’ उपक्रम २०१६ पासून रुग्णांना फोन-एसएमएस करतो. तो निदान असमाधानाचं कारण तरी विचारतो.

डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीपाशी आजी पुन्हा भेटल्या, चाकांच्या खुर्चीत. फॉर्म इंग्रजीत. काउंटरवरचा मुलगा “आजी, सगळं छान ना?” म्हणत वरपासून खालपर्यंत हसऱ्या चेहऱ्यांवर टिक करत निघाला होता.

“छानच रे पोरा,” आजी म्हणाल्या. “पर मला झालं व्हतं काय, त्ये कुणी सांगितलंच न्हाई.”

मुलाने रकाना शोधला. नव्हता. त्याने शेवटची टिक केली.

माझ्या फॉर्मात ‘इतर सूचना’साठी दीड ओळ उरली होती. तिथे सम्राटाला बसवायचा बेत होता. त्याऐवजी मी आजींचं वाक्य प्रमाण मराठीत उतरवलं: ‘काय झालं होतं, ते कुणी सांगितलं नाही.’ खाली सही माझी, कारण फॉर्म माझा.

नंतर रुग्णालयातून फोन आला. फारच नम्र. मला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, आणि एका डॉक्टरांनी कागदावर पित्ताशयाचं चित्र काढून खडा कुठे होता, नळी कुठे आहे, सगळं सावकाश समजावलं. आजींना कोणी बोलावलं नाही. त्यांच्या फॉर्मवर सगळे चेहरे हसत होते. मी आजींबद्दल सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, “त्यांना फीडबॅक द्यायला सांगा ना!”

माझं लिहिलेलं वाचून कोणी हललं, असं आयुष्यात प्रथमच घडलं. बायको म्हणते, वाक्य दुसऱ्याचं होतं म्हणून.