झाडाला ताण, मालकाला पुरण

संत्र्याच्या झाडाला उपाशी ठेवण्यात तिगावात माझा हात धरणारा कोणी नाही. आंबिया बहर घ्यायचा तर डिसेंबरात पाणी तोडायचं, पानं मलूल झाली तरी मन घट्ट ठेवायचं आणि जानेवारीत नेमक्या वेळी पाणी सोडायचं. झाड फुलांनी गच्च भरतं. याला ताण देणं म्हणतात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो पेस्ट, मधल्या फवारण्या, शेणखत, सगळं माझ्या डायरीत तारखेनिशी असतं. पेस्ट लांबली तर मला झोप लागत नाही.

त्याच डायरीच्या शेवटच्या पानावर माझ्या शुगरचं पथ्य लिहिलेलं आहे. ते पान अजून नव्यासारखं राहिलंय.

"काय जी," बायको म्हणते, "झाडाले बरा ताण देता येते तुमाले. सोताले काऊन नाई?"

झाडाचं एक बरं असतं. डिंक्या झाला की बुंध्यातून डिंक गळतो, पान पिवळं पडतं आणि मंडीत व्यापारी तोंड वाकडं करतो. शुगर मात्र घरात येऊन राहिलेल्या गरीब पाहुण्यासारखी. दुखत नाही, खुपत नाही, कोपऱ्यात बसून असते. डोळे, किडन्या, पायांच्या नसा असा एकेक दागिना ती गुपचूप काढून नेते, पण ते कळायला वर्षं जातात. मला तर भाव पडला की त्याच दिवशी कळायची सवय.

मी एकटा नाही, हाही एक आधार. आयसीएमआरच्या पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले, त्यात देशभरात 10.1 कोटी मधुमेही निघाले. आणि श्रीमंत देशांतसुद्धा जुनाट आजाराचे निम्मेच रोगी औषधपाणी नीट करतात, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2003 सालीच लिहून ठेवलंय. हे वाचल्यापासून मी घरात सांगतो, उरलेल्या निम्म्यांत कोणीतरी बसायलाच पाहिजे.

शिवाय आमचा मुलूख. पांढुर्णा 2023 मध्ये जिल्हा झाला, कागदोपत्री आम्ही मध्य प्रदेशचे, म्हणून सकाळी पोह्यांसोबत जिलेबी. बोलीनं आणि सोयरिकीनं वऱ्हाड-नागपूरचे, म्हणून सणाला पुरणपोळी आणि तिच्यावर वाटीभर तूप. दोन्ही राज्यांचा गोडवा एकाच स्वादुपिंडावर. पाहुण्याला फिका चहा देणं म्हणजे त्याला उठून जा म्हणणं. "एका कपानं काय होते भाऊ?" हे प्रत्येक घरी विचारतात आणि प्रत्येक घराला वाटतं की आजचा तो एक कप आपलाच.

सल्ल्यांना तोटा नाही. कोणी जांभळाच्या बियांचं चूर्ण सांगतं, कोणी गुडमारची पानं. एका काकाजींनी सांगितलं, "शक्कर सोडा, गुळाचा चहा घ्या. गूळ त शुद्ध असते." रक्तात उतरल्यावर गूळ आणि साखर यांत काही भेद उरत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी आजवर मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांपैकी मी नेमानं पाळला तो हाच.

नागपूरला डॉक्टरकडे जायचं ठरलं की आठवडाभर आधी माझ्यात सुधारणा होई. कारलं, भाकर, पहाटे स्टेशनापर्यंत चालणं. एरवी पोट गुरगुरतं म्हणून लग्नसराईत सोडलेली मेटफॉर्मिनची गोळी त्या आठवड्यात दोन्ही वेळा पोटात जाई. एका खेपेला उपाशीपोटीचा आकडा नामी आला. डॉक्टर हसले, मीही हसलो. मग त्यांनी दुसरा कागद उलटला. एचबीएवनसी. रक्तातली लाल पेशी चारेक महिने जगते आणि तेवढ्या काळात चिकटलेली साखर अंगावर वागवते. महालक्ष्मीचं जेवण, मेव्हण्याच्या मुलीचं लग्न, काकाजींचा शुद्ध गूळ, सगळे त्या एका आकड्यात हजर.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड वाढवली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही हे ती विचारत नाही. म्हणून ती घेऊन उपाशी राहायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मी मान हलवली. मान हलवण्यात माझा कधी खंड पडलेला नाही.

मग पोळा आला. पुरणपोळ्या किती झाल्या ते बैलांना ठाऊक. रात्री छातीत धडधडायला लागल्यावर माझ्यातला बागायतदार जागा झाला. कीड जास्त तर औषध जास्त. दोन गोळ्या घेतल्या. सकाळी आणखी एक घेतली आणि प्रायश्चित्त म्हणून ठरवलं, आज स्वतःला ताण द्यायचा. चहासुद्धा नाही. बायको चकित झाली. त्याच तोऱ्यात मी पांढुर्ण्याला गोटमार पाहायला निघालो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि पांढुर्णा अन् सावरगाव दोन काठांवरून एकमेकांवर दगड भिरकावतात. दरवर्षी डोकी फुटतात, म्हणून ॲम्ब्युलन्स आणि मलमपट्टीची सोय आधीच असते. मी दगडांच्या टप्प्याबाहेर, घरांच्या आडोशाला उभा होतो. एकाएकी घाम फुटला, हात थरथरले, झेंडे दोन दिसू लागले आणि मी बसकण मारली.

"काकाजीले लागला! उचला!"

चार पोरांनी मला उचललं. पट्टी बांधणारा मुलगा माझं डोकं सगळ्या बाजूंनी फिरवून जखम शोधत होता. "कुठं लागला?" मी पुटपुटलो, "पुरण." तो शेजारच्याला म्हणाला, "डोक्याले जबर मार हाये. बरळते." जखम सापडेना तेव्हा त्यानं सावधगिरी म्हणून पट्टी तरी बांधलीच. एका नर्सबाईंना शंका आली आणि त्यांनी बोटातून रक्त घेतलं. सत्तरच्या खाली धोका. माझी शुगर पन्नाशीच्याही खाली होती. त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं, मग बिस्किटं खायला लावली. "शुगर आहे ना तुम्हाला? उपाशी कसे निघालात?" मी सवयीनं मान हलवली.

तिगावात पोहोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. डोक्याला पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्या वीराला पाहायला माणसं आली आणि सगळ्यांसाठी, अर्थात माझ्यासाठीही, गोड चहा झाला. बायकोनं पट्टी सोडून पाहिली, आत काहीच नाही. "मले वाटलंच," ती म्हणाली. हे तिनं जखमेबद्दल म्हटलं की डोक्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

आता डॉक्टरांच्याच सांगण्यावरून खिशात नेहमी खडीसाखरेची पुडी असते, घाम आणि थरथर आली तर लगेच तोंडात टाकायला. रोज दुपारी चारच्या सुमारास, बागेत कोणी नसताना, मला थोडी थरथर आल्यासारखं वाटतं.