टिबुकल्या किती?

दसऱ्याला नीळकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं, असं आमच्या विदर्भात मानतात. एरवी कावळा आणि कोकीळ यांत फरक न करणारी माणसंही त्या दिवशी विजेच्या तारांकडे माना वर करून गावाबाहेर हिंडतात. माझं पक्षिनिरीक्षण अशाच एका दसऱ्याला सुरू झालं. लोकांचं संध्याकाळी सोनं वाटताना संपतं, माझं संपलं नाही. कारण शेजारी गुरुजी राहतात.

गुरुजी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हजेरी घ्यायची सवय गेलेली नाही. पोरं उरली नाहीत म्हणून आता पक्ष्यांची घेतात. पहाटे साडेपाचला फाटकाची कडी वाजते. बायको आतून म्हणते, "जा. दूध आणायला सांगितलं की गुडघे दुखतात, तलावाची पाळ चढताना दुखत नाहीत." याला उत्तर नाही. मी मफलर गुंडाळून निघतो.

१९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगावबांधचं तळं तिकडे गेलं. मारुती चितमपल्लींनी जिथे इतकी वर्षं पाखरं पाहिली, ते नवेगावबांध! वाटणीत देवघर भावाच्या हिश्श्याला जावं, तसं हे गुरुजींना अजून सलतं. तरी आमच्या भंडाऱ्याच्या वाट्याला काही कमी आलं नाही. शहरातला खांब तलाव धरून, साकोलीकडे जावं तसे तलाव आणि बोड्या लागतच जातात. त्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो. पुण्याच्या एका पाहुण्याने मला विचारलं होतं, "कुणाचे मामा?" माजी मालगुजारी, त्याचं हे मामा. कोहळी लोकांनी दोन-तीनशे वर्षांपूर्वी मातीची पाळ घालून, पाणी सोडायला तुडुम आणि जादा पाणी जायला सलंग ठेवून हे तलाव बांधले ते धानासाठी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, मालक सरकार झालं. पाखरांना यातलं काही कळवलेलं नसावं. ती जुन्याच पत्त्यावर येतात.

आमचा खरा हंगाम ५ नोव्हेंबरला सुरू होतो. त्या दिवशी चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला सालिम अलींचा, आणि मधले दिवस सरकारने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवलेले. गुरुजी तो नवरात्रासारखा पाळतात. घट बसवत नाहीत एवढंच.

गेल्या सप्ताहात साकोलीकडच्या एका पाळीवर उभे होतो. हलका धान कापून झालेला, भारी धान बांध्यांमध्ये वाकून उभा, पाण्यावर धुक्याची साय. काठाला बेशरमची झुडपं. या वनस्पतीला ज्याने हे नाव दिलं, त्याला माझा नमस्कार. कितीही उपटा, पुढच्या वर्षी हजर. पलीकडे बदकांचा थवा उतरलेला होता. सगळी मातकट, सगळी सारखी. गुरुजी पुस्तक उघडून चित्र बघत, मग दुर्बिणीतून बदक बघत, मग पुन्हा चित्र.

या दिवसांत बदकांची ओळख पटवणं म्हणजे लग्नाच्या फोटोवरून घरच्या लुंगीतला माणूस ओळखणं. विणीचा हंगाम आटोपला की नर आपली भडक पिसं गाळून मादीसारखा साधा होतो. नवा पोशाख चढायला हिवाळा उजाडतो, आणि आमच्याकडे तो येतो त्याच्या आधी. थापट्या तेवढा चोचीवरून सापडतो, उलथन्यासारखी चपटी चोच लपत नाही. हळदीकुंकू बदक तर इथलंच, बारमाही. त्याच्या काळ्या चोचीच्या मुळाशी लाल ठिपके आणि टोकाला पिवळा रंग. नाव ठेवणाऱ्याच्या घरी त्या दिवशी सवाष्ण जेवायला असणार.

पण त्या दिवशी गुरुजींना छळलं ते टिबुकल्यांनी. मुठीएवढा तपकिरी गोळा, शेपटी जवळजवळ नाहीच. पाण्यावर बसलेली दिसते, गुरुजी "एक" म्हणतात, आणि टुबुक. खाली गेली. पाण्यावर फक्त वर्तुळं. दुसरीकडे एक वर येते. ती तीच की दुसरी? गुरुजींनी पाच लिहिलं, खोडलं, सात लिहिलं, पुन्हा पाच केलं. शाळेत असली पोरं बाकाखाली लपत, तेव्हा छडी तरी होती.

शिंगाड्याच्या वेलांमधून एक डोंगा सरकत आला. आतल्या धिवरदादांनी आम्हाला बराच वेळ न्याहाळलं.

"काय पाहून रायले जी?"

"पाखरं."

"मारता का?"

"नाही हो, नुसती मोजतो."

"नुसतीच?" त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी दिसली. मग समजूत काढल्यासारखे म्हणाले, "मोठे बदकं परवाच्या राती आले जी. मी पाळीखाली निजलो होतो, पंखाचा आवाज आयकला."

गुरुजींनी लगेच वही पुढे केली. इतकी वर्षं आम्ही आगमनाची तारीख पाखरू डोळ्यांना दिसेल त्या दिवशी लिहीत आलो. अंधारात कान देऊन लिहायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. सारसाचंही विचारलं. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया आणि भंडाऱ्याकडेच उरलाय, आमच्याकडे बोटांवर मोजण्याइतका. पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटं करतो, म्हणून त्याचं नशीब शेतकऱ्याच्या मर्जीवर. दादा म्हणाले, "आमच्याकडं नाई दिसला औंदा." आणि थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही.

"अन् टिबुकल्या?" गुरुजींनी शेवटी विचारलंच.

"अकरा."

"एवढं नक्की कसं सांगता?"

"माह्याच शिंगाड्यात घरटे होते ना त्याहिचे. पानावरच तरंगते घर. पिल्लं पाठीवर घेऊन फिरे माय."

त्यांनी ओंजळभर शिंगाडे आमच्या पिशवीत टाकले आणि डोंगा वळवला. गुरुजी वहीवर पेन धरून उभे. जे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं नाही ते नोंदवायचं नाही, हा त्यांचा नियम. नोकरीभर कुणा पोराची खोटी हजेरी मांडली नव्हती. समोर एक टिबुकली वर आली, आमच्याकडे पाहिलं, आणि टुबुक.

गुरुजींनी पेन खिशात ठेवलं. माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि पाचापुढे, अगदी फिक्या अक्षरात, लिहिलं: ११, ऐकीव.