कळ्यांच्या वेळी उचकी

आमच्या घरात लॅपटॉपवरचा व्हिडिओ अडखळला की पहिला संशय वायफायवर जातो, दुसरा लॅपटॉपच्या वयावर आणि तिसरा, बोलून दाखवायचा नसतो म्हणून नुसत्या नजरेने, माझ्यावर. या खेपेला तिन्ही संशय एकदमच आले, कारण गणपती तोंडावर होते आणि आईचं मोदक-परीक्षण चालू होतं.

आई मोदकांचे व्हिडिओ शिकायला बघत नाही. तिच्या मोदकाला एकवीस कळ्या असतात. बाकी जगाची काय अधोगती चालली आहे, एवढंच तिला बघायचं असतं. पडद्यावरच्या बाईंनी उकड मळली, पारी केली, सारण भरलं. इथवर ठीक. बोटं कळ्यांना लागली आणि चित्राला उचक्या लागल्या. उघडी पारी, मग हवेत थबकलेला अंगठा, मग एकदम मिटलेला मोदक. आवाज मात्र अखंड: "बघा, किती सोप्पं आहे!"

"अरे, ऐन कळ्यांच्या वेळी ही बाई काहीतरी लपवते," आई म्हणाली.

हे मी डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात बोलून बसलो आणि मजल्या-मजल्यावरची वैद्यकी जागी झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे सर्व विकारांवर एकच मात्रा आहे: कॅश साफ करा. त्यांनी ती स्वहस्ते साफ केली, जोडीला कुकीजही उडवल्या. व्हिडिओ होता तसाच राहिला. फक्त मेलपासून वीजबिलापर्यंत सगळीकडे आम्ही कोण, हे पुन्हा पटवून द्यावं लागलं. मेव्हण्याने राउटर बंद केला, मनात आकडे मोजले आणि चालू केला. इंटरनेटवाल्यांच्या मुलाने फोनवर दुखणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "सर, शंभर एमबीपीएसवरून तीनशेच्या प्लॅनवर जा." गेलो. आता व्हिडिओ तिप्पट वेगाने येऊन जुन्याच जागी अडखळू लागला. वहिनी तेवढ्या डोकावल्या, "माझ्या मोबाइलवर तर हाच व्हिडिओ मस्त चालतोय हो," म्हणाल्या आणि काहीही न सुचवता निघून गेल्या.

औषध सगळ्यांनी दिलं, लक्षण कुणी विचारलं नाही. खरं तर ही दोन वेगळी दुखणी आहेत. पडद्याच्या मध्यभागी गोल गोल फिरायला लागलं तर व्हिडिओ घरापर्यंत पोचतच नाहीये. तिथे राउटर, वायफाय, प्लॅन यांना खुशाल जाब विचारा. पण गोल फिरत नाही, आवाज सुरळीत आहे, खालची करडी पट्टी बरीच पुढे भरलेली आहे आणि तरी चित्र अडखळतंय, तर माल घरात येऊन पडला आहे. उलगडायला वेळ पुरत नाहीये. एचडी व्हिडिओला सेकंदाला पाचेक मेगाबिट पुरतात. तीनशेचा प्लॅन घेऊन आम्ही ज्या नाकावर उपचार करत होतो, ते चोंदलेलंच नव्हतं.

सेकंदाला ६० चित्रांचा व्हिडिओ असेल तर एकेका चित्राच्या वाट्याला जेमतेम १७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात ते उलगडलं नाही, तर ब्राउझर ते सरळ गाळतो आणि आवाजाबरोबर पुढे जातो. एखादं चित्र गळालं तर डोळा चालवून घेतो, आवाज तुटला तर कान लगेच तक्रार करतो. म्हणून तडजोड नेहमी चित्राने करायची. बाई नुसती उभी राहून बोलत असते तेव्हा एका चित्रातून पुढच्यात फारसं काही बदलत नाही. दहा बोटं कामाला लागली की बदल वाढतात आणि उलगडण्याचं कामही वाढतं. म्हणजे ऐन कळ्यांच्या वेळी काहीतरी लपतं, हे आईचं निदान अक्षरशः बरोबर होतं. फक्त आरोपी चुकला होता.

यूट्यूबच्या व्हिडिओवर उजवं क्लिक केलं की 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' नावाचा तपासणी-अहवाल उघडतो. गळालेल्या चित्रांचा आकडा त्यात मिटरसारखा वर चढत होता. कोडेकपुढे लिहिलं होतं 'एव्ही०१'. एव्ही१ ही व्हिडिओ आवळून बांधण्याची पद्धत २०१८मध्ये आली. डेटा कमी लागतो, पण सोडवायला मेहनत जास्त. आमचा लॅपटॉप २०१७चा. आजच्या बऱ्याच मोबाइलमध्ये हे काम करणारं सर्किट चिपमध्येच असतं, आमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर ते एकटा, अंगमेहनतीने, आईने मांडीवर घेतलेल्या उशीत गुदमरून करत होता. उशीने हवेची वाट अडली की यंत्र तापतं आणि तापलं की स्वतःच वेग कमी करतं. वहिनी मिरवायला म्हणून जे बोलल्या, तीच एवढ्या गोंधळातली एकमेव शास्त्रीय चाचणी होती: वायफाय तेच, व्हिडिओ तोच, यंत्र वेगळं.

मग उपाय सरळ होते. उशी काढून खाली पाट ठेवला. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम'खाली ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचं बटण बंद सापडलं. भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत कुठल्याशा व्हिडिओत बघून ते बंद केलं होतं. तो व्हिडिओ बरा न अडखळता दिसला. ते चालू करून ब्राउझर पुन्हा उघडला. शिवाय एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन टाकलं. ते एव्ही१ऐवजी एच.२६४ मागून घेतं. हे मानक २००३चं. ते उलगडायची सोय जुन्या चिपमध्येही असते. गळतीचा आकडा जागच्या जागी थांबला.

आईने चष्मा पुसून सगळ्या कळ्या मोजल्या. "अकरा. त्यातल्या दोन चिकटलेल्या." तिचा जगाबद्दलचा अंदाज खरा ठरला आणि घरात शांतता नांदली.

संध्याकाळी काका चौकशीला आले. मी त्यांना कोडेक, चिप, एव्ही१, गळणारी चित्रं, सगळं चहा निवेपर्यंत समजावून सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकलं, मान डोलावली.

"म्हणजे मूळ कॅशच," ते म्हणाले आणि चौथ्या मजल्यावर कुणाचा तरी प्रिंटर अडकला होता, तिकडे निघाले.