नोंद घेण्यात आली आहे

फिनिक्सला राहणाऱ्या आमच्या भाच्याने परवा फोटो पाठवला. डोक्यावर लोकरीची टोपी, डोळ्यांवर बेडकासारखा चष्मा, पायांत त्या लांबलचक पट्ट्या आणि पाठीमागे पांढराशुभ्र डोंगर. खाली लिहिलं होतं, ‘मामा, ॲरिझोनात स्कीइंग!’ ॲरिझोना म्हणजे वाळवंट, निवडुंग आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश, एवढाच आमचा भूगोल. म्हणून विचारलं, ‘अरे, तिथे एवढा बर्फ कुठून आला?’ उत्तर आलं, ‘फ्लॅगस्टाफच्या संडासांतून.’

भाचा थट्टेखोर आहे. या खेपेला मात्र तो खरं बोलत होता.

फ्लॅगस्टाफ गावाच्या उत्तरेला सॅन फ्रान्सिस्को पीक्स नावाचा डोंगर आहे. सर्वांत उंच शिखर ३,८५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. जमीन सरकारी, ताबा वनखात्याचा. तिकडचं वनखातं कृषी मंत्रालयाच्या हाताखाली येतं, त्यामुळे बर्फावरून घसरणं हा कागदोपत्री शेतीचाच जोडधंदा समजायला हरकत नाही. डोंगरावरची ७७७ एकर जागा ‘ॲरिझोना स्नोबोल’ या स्कीइंगच्या ठिकाणाला परवान्यावर दिलेली आहे. तिथे १९३८पासून लोक घसरताहेत.

अडचण एवढीच, की हा डोंगर तेरा आदिवासी जमातींना पवित्र आहे. नावाहो लोकांच्या चार दिशांच्या चार पवित्र पर्वतांतला हा पश्चिमेचा. होपी लोकांचे काचिना, म्हणजे पाऊस आणि बर्फ आणणारे देव, वर्षातला काही काळ इथे मुक्कामाला असतात. पुढे स्पॅनिश पाद्री आले आणि त्यांनी डोंगराला आपल्या संत फ्रान्सिसचं नाव दिलं. पशुपक्ष्यांना भाऊ-बहीण म्हणणारा हा संत. पोपमहाशयांनी १९७९मध्ये त्याला पर्यावरणाचा पालक संत म्हणून जाहीर केलं, आणि त्याच वर्षी वनखात्याने त्याच्या डोंगरावरच्या स्कीइंग केंद्राच्या विस्ताराला मंजुरी दिली. संतांचं नशीब सगळीकडे सारखंच. आपल्याकडेही पुतळा आणि टेंडर एकाच आठवड्यात निघतात.

नावाहो आणि होपी कोर्टात गेले, १९८३मध्ये हरले आणि घरी आले. ही झाली पहिली फेरी.

दुसऱ्या फेरीचं कारण हवामान. वाळवंटातला बर्फ तो, आला तर आला. २००१-०२च्या हिवाळ्यात अवघा ८७ इंच पडला आणि केंद्र चार दिवस चाललं. चार दिवसांच्या तिकिटांवर माणसं वर नेणारे पाळणे वर्षभर कोण पोसणार? तेव्हा देव बर्फ पाडत नसतील तर आपण पाडू, असं ठरलं. त्याला पाणी हवं. वाळवंटात गोडं पाणी मागायची कुणाची छाती नाही. पण गाव आहे तिथे गटार आहे, आणि गटाराचं पाणी दुष्काळातही आटत नाही. फ्लॅगस्टाफचं सांडपाणी प्रक्रिया करून १४.८ मैलांच्या नळाने डोंगरावर चढवायचं, दिवसाला १५ लाख गॅलनपर्यंत, आणि तोफांतून फवारून सुमारे २०५ एकरांवर त्याचा बर्फ अंथरायचा, असा तो प्रस्ताव. १५ लाख गॅलन म्हणजे किती हे मराठवाड्यातल्या वाचकाला टँकरच्या हिशेबात सांगतो: दहा हजार लिटरचे साडेपाचशेहून जास्त टँकर, रोज.

आता असं काही सरकारी जमिनीवर करायचं तर अमेरिकेत आधी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल करावा लागतो. तसा कायदा आहे. अध्यक्ष निक्सन यांनी तो १ जानेवारी १९७० रोजी सही करून लागू केला. तारीख पाहा. एक जानेवारीला माणूस पहाटे उठायचा, साखर सोडायचा आणि निसर्ग वाचवायचा संकल्प करतो.

अहवाल मोठा नेकीने झाला, हे कबूल केलं पाहिजे. जमातींशी पाचशेहून अधिक वेळा संपर्क साधला गेला, चाळीस-पन्नास बैठका झाल्या. एवढ्या बैठका तर आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासालाही झालेल्या नाहीत. आणि त्या पाचशे वेळांत जमातींनी एकच गोष्ट सांगितली: नको. गावच्या गटारात इस्पितळांचं आणि प्रेतं अंत्यविधीसाठी तयार करतात त्या जागांचंही पाणी जातं. ते कितीही गाळलं तरी आमच्या लेखी ओवळंच. ज्या डोंगरावरून आम्ही औषधाच्या मुळ्या आणतो, विधीचं पाणी आणतो, त्याच्या अंगावर ते शिंपडू नका. शिवाय बर्फ पाडणं हे काचिनांचं काम आहे. त्यांचं खातं परस्पर कंत्राटदाराला देऊ नका.

खात्याने हे सगळं लिहून घेतलं. इतकं मन लावून लिहून घेतलं, की जमातींच्या दृष्टीने डोंगराची साधनं दूषित होतील आणि परिणाम प्रतिकूल असेल, हे अहवालानेच मान्य केलं. मग फेब्रुवारी २००५मध्ये खात्याने बर्फाच्या तोफांना परवानगी दिली. त्याच हिवाळ्यात डोंगरावर ४६० इंच बर्फ पडला आणि केंद्र १३९ दिवस चाललं. काचिनांनीही आपली हरकत मुदतीत नोंदवली होती म्हणायची.

असल्या अहवालाच्या शेवटी हरकती-सूचनांचा भाग असतो. आमची अर्धी हयात सरकारी कागद वाचण्यात गेली, त्यामुळे त्याचं एक पान डोळ्यांसमोर उभंच राहतं. डावीकडे हरकत, उजवीकडे उत्तर. ‘हा डोंगर आमची आई आहे.’ ‘नोंद घेण्यात आली आहे.’ ‘आईच्या अंगावर गटाराचं पाणी टाकू नका.’ ‘पाणी मानकांनुसार आहे. नोंद घेण्यात आली आहे.’ ‘तुम्ही ऐकताय का?’ ‘सदर प्रश्न या अहवालाच्या कक्षेबाहेर आहे. नोंद घेण्यात आली आहे.’ पालथ्या घड्यावर पाणी, असं आपण म्हणतो. पण या घड्याला दोष देता येत नाही. प्रत्येक थेंब त्याने मोजलेला आहे, थेंबाला क्रमांक दिलेला आहे, आणि मोजून झाल्यावर तो शिस्तीत ओघळून जाऊ दिलेला आहे.

या डोंगरावर एक पिवळं रानफूल उगवतं. जगात दुसरीकडे कुठेही नाही. १९८३पासून अमेरिकेच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत आहे. त्याचं जुनं शास्त्रीय नाव सेनेसिओ फ्रान्सिस्कानस, म्हणजे कासच्या पठारावर सप्टेंबरात पसरते त्या आपल्या सोनकीची ही लांबची बहीण. तिला अहवाल वाचता येत नाही, त्यामुळे तिची हरकत आलेली नाही.

आता पाण्याच्या गुणवत्तेकडे वळू, कारण सगळ्यात मौज तिथे आहे. ॲरिझोना राज्याने या पाण्याला ‘ए प्लस’ शेरा दिलेला आहे. बर्फ करायला नियमांत मुभा. आमच्या भाच्याला दहावीला असा शेरा मिळाला असता तर आम्ही पेढे वाटले असते. पण नियमावलीची पुढची ओळ वाचावी. हे पाणी पिण्याला द्यायचं नाही. त्यात पोहायचं नाही. आणि त्यावर वॉटर स्कीइंग करायचं नाही, कारण ते पोटात जाण्याचा संभव. म्हणजे पाणी पातळ असताना त्यावरून घसरलात तर नियमभंग, आणि तेच गोठल्यावर घसरलात तर तिकीट. शून्य अंशाला पाणी नुसतं गोठत नाही, पावनही होतं, हा शोध भौतिकशास्त्राला अजून लागलेला नाही. तो प्रशासनाला लागला.

स्कीइंग शिकणारा माणूस पहिल्या दिवशी बहुतेक वेळ तोंडावर पडलेला असतो. मुलं तर बर्फ खातातच. जमाती पुन्हा कोर्टात गेल्या होत्या, आणि मार्च २००७मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी नेमकं हेच विचारलं: हा बर्फ पोटात गेला तर काय, याची अहवालात धड चर्चा का नाही? जमाती जिंकल्या. मग त्याच न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांचं मोठं पीठ बसलं आणि ऑगस्ट २००८मध्ये आठ विरुद्ध तीन मतांनी निकाल फिरला. बर्फ खाण्याचा मुद्दा मूळ तक्रारीत नीट मांडलेला नव्हता, म्हणून बाद. धर्माचं म्हणाल, तर एकाही झाडाला, झऱ्याला वा देवस्थानाला प्रत्यक्ष धक्का लागत नाही, डोंगराचा जेमतेम एक टक्का भाग वापरला जातोय, दुखावते ती फक्त भावना. आपल्याकडे भावना दुखावल्या की बसच्या काचा फुटतात. तिकडे आठ विरुद्ध तीन.

सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये प्रकरण ऐकायलाच नकार दिला. बर्फ खाण्यावरून पुन्हा वेगळा दावा झाला, तेव्हा २०१२मध्ये अपील न्यायालय म्हणालं की अहवालात याचा पुरेसा विचार झालेला आहे. वर दावेदारांनाच कानपिचक्या. होपींनी सार्वजनिक उपद्रव म्हणून आणखी एक दार ठोठावलं. ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये लावून घेतलं.

यात न्यायाधीशांवर रागावण्यात अर्थ नाही. अहवालाच्या या कायद्याचा अर्थ १९८९मध्येच लागून गेला आहे, आणि तोही वॉशिंग्टन राज्यात सरकारी जंगलातल्या दुसऱ्या एका स्कीइंग केंद्राच्याच खटल्यात. तिथल्या मेथाव खोऱ्यातली हरणं पंधरा टक्क्यांनी घटतील असा वनखात्याचा अंदाज, तर राज्याचं शिकार खातं म्हणत होतं पन्नास टक्के. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा कायदा खात्याला माहितीविना निर्णय घेऊ देत नाही. माहिती घेऊन मूर्खपणा करायचा असेल तर त्याला आडकाठी नाही. शब्द आमचे, आशय त्यांचा. हरणांची संख्या कमी झाली तर चालेल, ती कमी होणार हे कागदावर आलं पाहिजे. (मेथावचं ते केंद्र शेवटी झालंच नाही. हरणं अहवालामुळे वाचली असा मात्र कुणाचा दावा नाही.) अलीकडे या अहवालांची पानं फार होतात अशी ओरड झाली, तेव्हा २०२३मध्ये १५० पानांची मर्यादा आली. परिशिष्टं त्यात मोजायची नाहीत. यापुढे आदिवासींची आई कुठे सापडेल, ते वाचकांनी ओळखावं.

तर डिसेंबर २०१२मध्ये तोफा सुरू झाल्या. स्कीइंगसाठी निव्वळ सांडपाण्याचा बर्फ करणारं हे जगातलं पहिलं केंद्र, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. आणि पहिला बर्फ पडला तो पिवळसर. नव्या नळांतला गंज आला असेल, असा केंद्राचा खुलासा. तो खराही असेल. पण तेरा जमातींनी पाचशे वेळा जे सांगितलं, ते एका गंजक्या नळाने एका सकाळीत सगळ्या अमेरिकेला समजावलं.

इथवर वाचून मराठी वाचकाला तिकडच्या लोकांची कीव आली असेल तर जरा थांबावं. पवित्र जागी सांडपाणी सोडण्यापूर्वी ते ‘ए प्लस’पर्यंत शुद्ध करायचं आणि वर पाचशे वेळा विचारायचं, हे लाड आपण नद्यांचे केलेले नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२च्या अहवालात देशभरातले ३११ नदीपट्टे प्रदूषित निघाले. त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत जास्त. आपण त्यात पर्वणीला डुबकी मारतो आणि तीर्थ म्हणून बाटली भरून घरी आणतो. आणि प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल करणाऱ्या सल्लागाराची फी इथेही तोच भरतो, ज्याला प्रकल्प करायचा आहे. वरपक्षाने नेमलेल्या ज्योतिषाने छत्तीसच्या छत्तीस गुण जुळवले तर नवल कसलं?

भाच्याची धाकटी पाच वर्षांची आहे. पुढच्या शनिवारी तिलाही वर नेणार म्हणतो. आम्ही त्याला सविस्तर कळवलं: पोरीला खेळू दे, घसरू दे, पण बर्फाचा गोळा तोंडात घालू देऊ नकोस. खाली नियमही लिहून पाठवला.

त्याचं उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र आलं आहे.